यंदा फुलं नाहीत

पहाटे सहाला तळं अजून कुणाचंच नव्हतं.
कोर्बिनियन होडी कलती करून
रात्रीचं पाणी ओतून टाकत होता.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"तुझा डावा हात जोरकस आहे. काल पाहिलं,
गोल गोल फिरत होतीस, घाण्याला जुंपल्यासारखी."
घाणा माझा. तो म्हणाला होता,
एका पंखाच्या बदकासारखी.

येऊन तीन दिवस झाले होते.
पहिल्या दिवशी पोहले,
म्हणजे पाण्यात शिरले आणि किंचाळले;
हिमनदीचं पाणी
एकेका हाडाला नावानिशी हाक मारतं.
दुसऱ्या दिवशी चढ, थेट वरच्या कुरणापर्यंत.
उतरताना गुडघे काय बोलले
ते इथे लिहीत नाही.
आणि रोज संध्याकाळी बुर्गलच्या खोपटात
बीचच्या लाकडावर धुरी दिलेला मासा,
कागदातच, बोटांनी,
सोबत शहाजिरं घातलेला काळा पाव
आणि मुळ्याच्या पातळ चकत्या,
मीठ लावून लावून रडवलेल्या.
"सावकाश," बुर्गल म्हणायची,
"या माशाला घाई कळते. लगेच काटा पाठवतो."

आज गाई उतरणार होत्या.
तळ्याच्या पल्याड, जिथे रस्ता जात नाही,
तिथून सपाट होड्यांवर, सात-आठच्या गटानं.
धक्क्यावर माणसं दाटलेली,
खांद्यावर पोरं, सकाळी दहालाच बिअरचे पेले,
पितळी वाद्यं पुसून लख्ख.
सगळ्यांना बघायचे होते ते मुकुट,
स्प्रूसच्या शेंड्यांचे,
लाकडाच्या रंगवलेल्या सालपटांची फुलं लावलेले.
जुलैपर्यंत वळलेली फुलं
बुर्गलच्या मागच्या खोलीत खोक्यांत पडून होती;
काल रात्री मला दिसली,
आणि तिनं दार ओढून घेतलं होतं.

आधी पाण्यावरून घंटा आल्या.
मग धुक्यातून शिंगं,
मग ओल्या नाकपुड्या, मग गाई,
उघड्या कपाळाच्या.

"फुलं कुठायत?" कुणीतरी विचारलं.
एकानं तिकिटाचे पैसे परत मागितले.
निळ्या टोपीतली एक पोरगी म्हणाली,
"या चुकीच्या गाई आहेत."

ऑगस्टात वरच्या कुरणावर वीज पडली होती.
श्टेर्नी गेली. सहा वर्षांची,
कपाळावर चांदणी असलेली.
एक जरी दगावली
तर त्या वर्षी कुणालाच फुलं नाहीत,
उरलेल्या तेवीसजणींनाही नाहीत.
कोर्बिनियननं हे एकदाच सांगितलं,
पावसाचा अंदाज सांगावा तसं.
माझ्या ओठांवर आला होता
तो सुतक.
त्याच्या भाषेत तो कसा उतरवायचा ते सुचेना,
म्हणून मी दोर धरला. त्यानं धरू दिला.

शेवटची गाय होडीतून उतरेना.
पाठ फिरवून उभी, आलो त्या दिशेला तोंड करून.
कोर्बिनियननं ओढलं नाही, काठी उगारली नाही,
लाकडी कठड्याला टेकून
तोही तिकडेच बघत राहिला.
पेल्यांतला फेस बसला.
तिकीटवाला गप्प झाला.
मग तिनं शेण टाकलं, दणदणीत,
निळ्या टोपीतली पोरगी खदखदून हसली,
आणि गाय आपसूक फळीवरून खाली आली.

संध्याकाळी ट्यूबावाला खोपटात एकटाच होता.
दिवसभर एक सूर नाही फुंकलेला.
वाद्य मांडीवर, वाद्याच्या तोंडावर रुमाल,
रुमालावर मासा.
"यंदा टेबल म्हणून उपयोग झाला," म्हणाला,
आणि मुळ्याची बशी माझ्याकडे सरकवली.
बुर्गलनं पैसे घेतले, सुटे मोजून परत दिले,
श्टेर्नीचं नाव निघालं नाही.
निघालं ते चीजचं: यंदा कमी झालं,
पण बरं मुरलंय.

उद्या साडेआठची बस.
अंधार पडायच्या आत पुन्हा एकदा होडी काढली,
डावा हात आवरून धरला,
समोरच्या सुळक्यावर नजर ठेवली,
मनातल्या मनात वल्ही मोजली.
तरी वळलीच थोडी.
धक्क्यावरून कोर्बिनियन ओरडला,
काय ते वाऱ्यात कळलं नाही.